आईला कंबरेचं फ्युजन सांगितलंय, दुसरे डॉक्टर म्हणतात स्क्रूची गरज नाही. कुणाचं ऐकावं?

राजापूरचा_चाकरमानी

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची, राजापूर तालुक्यात गावी असते, मी विरारला. आयुष्यभर शेतात आणि कलमांत राबली, लावणीला दिवस दिवस ओणवी, डोक्यावरून गवताचे भारे आणि लाकडं. कंबर तर पंधरा वर्षांपासून दुखतेय पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, तिलाही नाही, रात्री बाम चोळला की सकाळी परत कामाला. आता दीडेक वर्षापासून वेगळंच सुरू झालंय. चालायला लागली की डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत पाय भरून येतो, मुंग्या येतात, मग जड होतो. घरापासून देवळापर्यंत पाणंदीने पाच-सात मिनिटांची वाट आहे, त्यात आता तीन वेळा थांबते. थांबते म्हणजे गडग्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकते, दोन मिनिटं तशीच राहते, पाय मोकळा झाला की पुढे निघते. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा ओटी भरता भरता मध्येच खाली बसली, ते बघून माझ्या पोटात गोळा आला आणि तिला घेऊन लगेच रत्नागिरीला गेलो.

एमआरआयमध्ये एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात, ग्रेड १ स्पॉन्डिलोलिस्थेसिस आणि कॅनल स्टेनोसिस लिहिलंय, म्हणजे वरचा मणका खालच्यावर थोडा पुढे सरकलाय आणि नसांची जागा अरुंद झालीय असं सांगितलं. कोल्हापूरच्या सर्जननी फ्युजन करायला सांगितलं, म्हणजे ते दोन मणके कायमचे जोडायचे, चार स्क्रू, दोन रॉड आणि मध्ये केज म्हणजे छोटा पिंजरा, खर्च साडेतीन लाखाच्या आसपास. मुंबईत दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले की नुसतं डीकम्प्रेशन करू, नसा मोकळ्या करू, या वयात स्क्रू कशाला. दोघेही नीट बोलले, दोघांनीही अर्धा तास दिला, म्हणून तर जास्त गोंधळ झालाय. त्यात वाडीतले लोक येऊन सांगतायत की मणक्याला हात लावला की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, एका हाडवैदाचा पत्ता पण देऊन गेले. आई म्हणते जे काय करायचं ते गणपतीआधी उरकून टाका.

ज्यांनी स्वतः केलंय किंवा घरात कुणाचं झालंय त्यांनी प्लीज सांगा. आणि गावच्या घरात नंतर कसं निभावलंत तेही, कारण आमच्या घराला रस्त्यापासून चिऱ्याच्या बावीस पायऱ्या आहेत आणि पावसात त्यांवर शेवाळ धरतं.

गुहागरची_माई

बाळा, माझं फ्युजन २०२१ साली झालं, एल५-एस१ म्हणजे कंबरेचा अगदी खालचा सांधा, पुण्यात. तेव्हा मी ५४ वर्षांची. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, माझ्या अंगावरून गेलं ते सांगते.

ऑपरेशनला तीन तास लागले, पालथं झोपवून करतात. शुद्धीवर आले तेव्हा कंबरेत आग होत होती पण पायातली ती विजेसारखी कळ गेलेली होती, पहिल्याच दिवशी, आणि ती आजपर्यंत परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नर्सनी उभं केलं. उठायची पद्धत आधी शिकवतात, खांदा आणि कंबर एकत्र ठेवून ओंडका लोळवल्यासारखं कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे आणि हाताच्या कोपरावर जोर देऊन उठायचं, मध्ये पिळा पडता कामा नये. मी अजूनही तशीच उठते. पाचव्या दिवशी घरी सोडलं.

खरं कठीण होतं ते घरी. आपल्याकडे सगळा संसार जमिनीवर, पाटावर बसून जेवण, विळीवर भाजी, नारळ खवायचा तोही बसून, संडास खालचा. तीन महिने वाकायचं नाही, पिळा घ्यायचा नाही, भरलेली कळशी उचलायची नाही असं बजावलं होतं. मुलाने ऑपरेशनच्या आधीच कमोडची खुर्ची आणली, ती खालच्या संडासावर ठेवता येते, आणि ओट्यावर बसवायची किसणी-सुरी आणली. पलंग थोडा उंच केला, खाली चिऱ्याचे तुकडे सारून. तू हे सगळं आईला हॉस्पिटलात न्यायच्या आधी कर, नंतर धावपळ होते. लावणीच्या दिवसांत मी पडवीत बसून नुसतं बघत होते, सगळी वाडी चिखलात आणि आपण खुर्चीवर, तेव्हा रडू आलं होतं हे खरं सांगते. तिचं मन त्यासाठी आधीच तयार कर.

आणि एक गोष्ट विचारते, आई मशेरी लावते का? मी लहानपणापासून लावत होते. डॉक्टरांनी विडी-सिगारेट ओढता का म्हणून विचारलं, मी नाही म्हटलं, मशेरीचं मला कुणी विचारलंच नाही. ती तंबाखू आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आमच्यात तिला दात घासणं म्हणतात. शेवटी सुनेने डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते एकदम गंभीर झाले आणि ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं, म्हणाले की निकोटिनमुळे हाड जुळत नाही, आधी सोडा. सोडली. सकाळी उठलं की हात आपोआप डबीकडे जायचा, मग डबीच सुनेकडे देऊन टाकली.

आता चार पैसे खर्चून काय मिळालं ते सांगते. पायाचं दुखणं गेलं. कंबर अजून दुखते, पूर्वीच्या निम्म्याने, पाऊस लागला की जास्त. खाली मांडी घालून फार वेळ बसवत नाही. पण रोज सकाळी समुद्रापर्यंत चालत जाते आणि येते.

हॉस्पिटलवाल्यांनी एक सांगितलं नाही ते मी सांगते, घरी यायच्या प्रवासाचं. आम्ही सहाव्या दिवशी जीपने आलो, कुंभार्ली घाट उतरून, प्रत्येक खड्ड्याला जीव जात होता. तुम्ही आठ-दहा दिवस तिथेच कुणाकडे तरी राहा, टाके काढूनच निघा, आणि गाडीत पुढची सीट मागे रेलून, तासातासाला थांबून दोन पावलं चालवा.

कणा_आणि_कोकण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चिपळूणला, १४ वर्षं हेच काम करतेय. इथे लिहून कुणाचं ऑपरेशन ठरत नाही, पण दोन डॉक्टर वेगळं का सांगतायत ते समजावून सांगू शकते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही नेमकं विचाराल.

दादा, तुम्ही गडग्याचं लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, एमआरआयपेक्षाही. ताठ उभं राहिलं की कण्यातली नसांची वाट आणखी आवळते आणि पुढे वाकलं की ती थोडी उघडते, म्हणून गडग्यावर ओणवं झालं की त्यांचा पाय सुटतो. म्हणजे त्यांचा मुख्य त्रास दाबलेल्या नसांचा आहे, आणि तो दाब काढणं म्हणजे डीकम्प्रेशन. मागचं थोडं हाड आणि जाड झालेलं लिगामेंट काढून वाट मोकळी करतात. फ्युजन हे वेगळं काम आहे, त्यात दोन मणक्यांमधली हालचाल कायमची बंद करतात. पायाचं दुखणं डीकम्प्रेशनने जातं. फ्युजन लागतं ते मणका हलत असेल तर, किंवा वाट मोकळी करताना इतकं हाड काढावं लागणार असेल की नंतर मणका आणखी सरकेल.

मग प्रश्न एकच उरतो, आईंचा मणका हलतो का? हे एमआरआयवरून नीट कळत नाही कारण तो झोपवून काढतात आणि झोपल्यावर सरकलेला मणका बऱ्याचदा मागे बसतो. उभ्याने एक्स-रे काढायचा, एक पुढे वाकून आणि एक मागे वाकून, आणि दोन्हींत मणका किती सरकतो ते मोजायचं. तो काढलाय का? तुमच्या पोस्टमध्ये कुठेच उल्लेख नाही. ग्रेड १ म्हणजे पाव भागापर्यंत सरकलेला, तो वर्षानुवर्षं तिथेच घट्ट बसलेला असू शकतो किंवा प्रत्येक हालचालीला मागेपुढे होत असू शकतो, दोन्हींचा इलाज सारखा नाही.

आणि जगभरातले सर्जनसुद्धा यावर एकमताचे नाहीत हे पण माहीत असू दे, म्हणजे तुमच्या दोघांपैकी एक खोटारडा आहे असं वाटणार नाही. २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एकाच वेळी दोन अभ्यास आले. स्वीडनचा २४७ पेशंटचा होता, ५० ते ८० वयाचे, मणका सरकलेले आणि न सरकलेले दोन्ही, त्यात दोन वर्षांनी फ्युजन केलेल्यांना नुसत्या डीकम्प्रेशनवाल्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. अमेरिकेचा ६६ जणांचा होता, सगळे मणका सरकलेले, तिथे फ्युजनवाल्यांची तब्येत थोडी सरस राहिली आणि पुन्हा ऑपरेशन कमी जणांना लागलं. मग २०२१ साली नॉर्वेचा आला, २६७ पेशंट, सरकलेला मणका आणि स्टेनोसिस म्हणजे अगदी तुमच्या आईंसारखे, त्यात नुसतं डीकम्प्रेशन फ्युजनपेक्षा कमी पडलं नाही. दोन्ही गटांत सत्तर टक्क्यांच्या वर लोकांना चांगला फरक पडला, फक्त डीकम्प्रेशनवाल्यांत दुसऱ्या ऑपरेशनचं प्रमाण किंचित जास्त होतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर पाय हीच मुख्य तक्रार असेल आणि एक्स-रेत मणका हलत नसेल तर मी माझ्या आईसाठी आधी लहान ऑपरेशनचा विचार केला असता. पण हलत असेल तर कोल्हापूरच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे आणि मग स्क्रूला घाबरायचं कारण नाही.

माईंनी मशेरीचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे. लोकांना वाटतं की स्क्रू-रॉडने मणके जोडले जातात. स्क्रू फक्त धरून ठेवतात, जोडतं ते हाड. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि अल्बी या दोन सर्जननी पहिली फ्युजन केली, क्षयाने पोखरलेल्या कण्यांची, तेव्हा स्क्रू नव्हतेच, नुसतं हाडाला हाड लावून जुळायची वाट बघायचे. आजही काढलेल्या हाडाचे बारीक तुकडे केजमध्ये भरतात आणि ते जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलं नाही तर आज ना उद्या स्क्रू ढिले होतात. म्हणून तंबाखू कुठल्याही रूपात नको, शुगर ताब्यात हवी, आणि ६१ वर्षांच्या बाईंची हाडांची घनता आधी तपासायला हवी, त्याला डेक्सा स्कॅन म्हणतात. ठिसूळ हाडात स्क्रू नीट धरत नाही.

एक गोष्ट मात्र आजच घरच्यांना सांगून ठेवा. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, जांघेत बसायच्या जागी बधीर झालं किंवा पाऊल उचलेना, तर गणपती, पाऊस, मुहूर्त काही बघायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे तासांचा हिशोब असतो. आणि हाडवैदाकडे सरकलेला मणका दाबून घ्यायला अजिबात नेऊ नका, हात जोडून सांगते.

खाडीपलीकडे

मी दुसरी बाजू सांगतो, घाबरवायला नाही.

माझ्या मोठ्या भावाचं फ्युजन झालं ते फक्त कंबरदुखीसाठी. वय ४२, चिऱ्याच्या खाणीवर काम, चिरे उचलून गाडी भरायची. मणका सरकलेला नव्हता, पायात कळ नव्हती, एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या दोन गाद्या काळ्या दिसत होत्या एवढंच. एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलने दोन लेव्हलचं, म्हणजे कण्यात दोन जागी, फ्युजन सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला, दागिने गहाण ठेवले. आधी तीन-चार महिने नीट व्यायाम करून बघा असं कुणी म्हणालं नाही, गोळ्यांच्या पलीकडे काही दिलंच नव्हतं. तो गुटखा खायचा, ते सोडायला कुणी बजावलं नाही आणि आम्हालाही कळलं नाही. वर्षभराने दुखणं होतं तिथेच, सीटी काढला तर हाड जुळलेलं नाही आणि एक स्क्रू ढिला. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. आता बरा आहे पण खाणीवर परत जाता आलं नाही, छोटं दुकान टाकून दिलंय.

तुमच्या आईची गोष्ट वेगळी आहे हे कळतंय, तिथे मणका सरकलाय आणि पायाला त्रास आहे. पण एवढं नक्की विचारा की हे ऑपरेशन माझ्या कुठल्या दुखण्यासाठी आहे आणि केल्यावर कुठलं दुखणं राहणार आहे. आम्ही हे विचारलं नाही.

कणा_आणि_कोकण

@खाडीपलीकडे, वाईट वाटलं वाचून. नुसत्या कंबरदुखीसाठी फ्युजनवर इंग्लंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, २००५ साली छापला, ३४९ पेशंट, त्यात ऑपरेशन आणि कसून करून घेतलेला व्यायाम-पुनर्वसन यांत फारसा फरक निघाला नव्हता. तो व्यायाम म्हणजे घरी कागद बघून केलेला नाही, रोज काही तास असा तीन आठवडे करून घेतलेला. आपल्याकडे तो मिळतच नाही, माणूस गोळ्यांवरून थेट टेबलावर जातो. याचं मला रोज वाईट वाटतं.

मालवणी_माणूस

माझ्या आवशीचा ऑपरेशन झाल्याक दोन वर्सा झाली, गोव्याक केला. तिचाय मणको सरकलेलो. पण तिका स्क्रू घालूक नाय, फक्त नस मोकळी केली. आता बरी आसा, देवळात चलत जाता. घाबरा नको.

पांढरं_रेशनकार्ड

पैशाचं बघा दादा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे आणि पांढरं कार्डवालेही बसतात. पण योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्येच, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, आधी पैसे भरून नंतर परत मिळत नाहीत. हॉस्पिटलच्या दारात आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून हेच ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा. रेशनकार्डावर आईचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का आजच बघा. आमच्या काकींचं एकावर माहेरचं नाव होतं, त्यात बारा दिवस गेले.

राजापूरचा_चाकरमानी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला फोन लावून माईंचा रिप्लाय वाचून दाखवला, ओंडका लोळवल्यासारखं वळायचं ते ऐकून म्हणाली परत वाच.

मशेरी लावते. दिवसातून तीनदा. मला माहीत होतं पण मी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. उभ्याने वाकून एक्स-रे काढलाच नव्हता, तो शनिवारी रत्नागिरीत काढून घेतला. रेडिओलॉजिस्टने लिहिलंय की पुढे-मागे वाकताना मणका विशेष हलत नाही. शुगर काठावर आहे, डेक्सा पुढच्या आठवड्यात. कोल्हापूरच्या डॉक्टरांना एक्स-रे व्हॉट्सॅपवर पाठवला तर त्यांनी स्वतः फोन केला, म्हणाले की हे बघून मीही आधी नुसत्या डीकम्प्रेशनचा विचार करीन, पण सांध्याचं किती हाड काढावं लागेल ते एमआरआय परत बघून सांगतो, मंगळवारी या. मला खूप हलकं वाटलं. मुंबईपेक्षा कोल्हापूर आम्हाला जवळ, अणुस्कुरा घाटाने तीन-साडेतीन तासात होतं.

फक्त एक विचारायचं राहिलं. तोपर्यंत तिने चालायचं की पडून राहायचं? वहिनी तिला उठूच देत नाही.

कणा_आणि_कोकण

चालू द्या, पडून राहिल्याने पायातली ताकद जाते आणि ती ऑपरेशननंतर लागते. पाय भरायच्या थोडं आधीच थांबून बसायचं, मग पुन्हा. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. काठी दिलीत तर दोन्ही हातांनी पुढे टेकता येईल अशी द्या. भारे, कळशी, विळी मात्र बंद. मंगळवारी काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.

गुहागरची_माई

आणि बावीस पायऱ्यांना एका बाजूने बांबूचा कठडा बांधून घे रे, पाऊस लागायच्या आत. शेवाळावर चुन्याची निवळी मारतो आम्ही, महिनाभर तरी धरत नाही. मशेरीची डबी वहिनीकडे देऊ नको, तिच्याकडून आई मागून घेईल. नातवाकडे दे.